मळ्यातल्या घरासाठी बंदूक : आधी घर बघा, मग नळी

रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात राहणारा असो, चोपडा-शिरपूरच्या अंगाला सातपुड्याच्या पायथ्याशी वस्ती करून असलेला असो, की अमळनेर-पारोळ्याच्या जुन्या गावठाणात धाब्याच्या घरात राहणारा असो, विचारणं एकच असतं : भाऊ, रिव्हॉल्वर चांगली शे का बंदूक? घराच्या राखणीसाठी म्हणाल तर बहुतेकांना १२ बोरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्यांची बंदूक. रिव्हॉल्वर दिसायला छान, कमरेला शोभते, पण घरात रात्री दोन वाजता ती फार कमी लोकांच्या कामाची.

पहिलं कारण कायद्यातच आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ वाचा. गुळगुळीत नळीची, म्हणजे आत आटे नसलेली, आणि किमान २० इंच नळीची बंदूक संरक्षणासाठी मागितली, तर परवाना द्यायचा अशी त्या कलमाची भाषा आहे. नाकारायचा तर कलम १४ मधलं कारण लागतं. रिव्हॉल्वर, पिस्तूल आणि रायफल यांच्यासाठी मात्र परवाना देणाऱ्याला ‘सबळ कारण’ पटलं पाहिजे. म्हणजे धमकीची तक्रार, आधीचा दरोडा, रोख पैशाची ने-आण असं कागदावर दाखवता येणारं काहीतरी. नुसतं ‘मळ्यात एकटा राहतो’ एवढ्यावर रिव्हॉल्वर मागायला गेलात तर वर्ष जाईल. त्याच कारणावर दुनळीचा अर्ज मात्र सरळ बसतो. ९ मिमी पिस्तूल आणि .३०३ रायफल ही प्रतिबंधित बोरची, म्हणजे सामान्य माणसाला सहसा परवाना न मिळणारी शस्त्रं, त्यांचा विचारच सोडा.

अर्ज शासनाच्या एनडाल-एलिस या संकेतस्थळावर, नमुना ए-१ मध्ये करायचा. खान्देशात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे परवाना जिल्हाधिकारी देतात. वय २१ पूर्ण हवं. सोबत वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि बंदूक कुठे व कशी कुलपात ठेवणार त्याचं हमीपत्र लागतं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे पोलिसांचा अहवाल ३० दिवसांत यायला हवा आणि तो आल्यावर ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा. नकार आला तर तो लेखी मागून घ्या, अपील नाशिकला विभागीय आयुक्तांकडे. परवाना ५ वर्षांचा असतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची आहे, ती अर्ज करेपर्यंत कुणी सांगत नाही. अभयारण्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत नवीन परवाना द्यायचा तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी सहमती लागते. यावल अभयारण्य, शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण, चाळीसगावच्या डोक्यावरचं गौताळा, यांच्या आसपास किती गावं येतात ते नकाशावर मोजा. तुमचं गाव त्यात असेल तर ही सहमती आधीच विचारून ठेवा, नाहीतर फाईल इथेच बसते.

वडिलांची दुनळी घरात असेल तर नवी घ्यायची घाई करू नका. परवानाधारक वारला, किंवा त्याचं वय ७० झालं, किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, तर वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. मात्र वडील गेल्यावर बंदूक कपाटात तशीच ठेवून ‘दिवस झाल्यावर बघू’ म्हणणं महागात पडतं. परवाना त्यांच्यासोबतच संपला, आता घरात आहे ते विनापरवाना शस्त्र. आधी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, मग वारसाचा अर्ज.

आता शस्त्राकडे. कानपूरची .३२ रिव्हॉल्वर सहा गोळ्यांची, नळी जेमतेम तीन इंच. २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ निघाली, ती अर्ध्या किलोच्या आसपास. हलकं शस्त्र हातात उसळतं जास्त. नळी आखूड म्हणजे नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी यांत अंतर कमी, मनगट जरासं हललं तरी दहा पावलांवर वीतभर चूक होते. त्यात घोडा न चढवता नुसता चाप ओढून झाडायची तर चाप जड लागतो, आणि जड चाप ओढताना नळी खाली जाते. हे सगळं सरावाने जातं. पण परवान्यावर वर्षाला मिळणाऱ्या गोळ्या, त्यांची किंमत आणि जवळपास रेंज नसणं, यामुळे रिव्हॉल्वरवाले बहुतेक लोक वर्षाला दहा गोळ्याही झाडत नाहीत. जळगावचा सराफ किंवा कापसाचे पैसे घेऊन फिरणारा व्यापारी यांना बंदूक खांद्याला लावून हिंडता येत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. घर हलत नाही.

.३१५ ची रायफल घरासाठी घेणाऱ्यांना तर हात जोडून नको म्हणावं. तिची गोळी पत्रा, फळी, कुडाची भिंत सहज पार करते आणि मोकळ्यावर दोन किलोमीटरच्या पुढे जाते. मळ्यात पुढचा मळा आहे आणि तिथेही कुणाची खाट ओसरीत टाकलेली आहे. .१७७ ची छऱ्याची हवाई बंदूक २० ज्यूलपर्यंत विनापरवाना मिळते, पण ती राखणीचं शस्त्रच नव्हे. चोराला चिडवायला तेवढी पुरेल.

दुनळी का, तर ती दोन वेळा नक्की वाजते. पंप-ॲक्शनमध्ये, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून भरायच्या बंदुकीत, चार-पाच काडतुसं बसतात हे खरं, पण घाबरलेला हात पंप पूर्ण मागे ओढत नाही, अर्धाच ओढतो. मग रिकामं काडतूस बाहेर पडत नाही आणि नवं अर्धवट अडकतं. वर्षाला पाच-पंचवीस काडतुसं झाडणाऱ्याने पंपाच्या वाटेला जाऊ नये. दुनळीत एक काडतूस फुसकं निघालं तरी दुसरी नळी दुसऱ्या चापावर तयार असते. आणि मोडून, म्हणजे सांध्यात वाकवून उघडून, डोळ्यांनी बघता येतं की भरली आहे की रिकामी. घरात पोरंबाळं असतील तर हा गुण सगळ्यात मोठा.

नळी २८ इंची मिळाली तर उत्तम. जुन्या बंदुका ३० किंवा ३२ इंची असतात. ३० इंची नळीची बंदूक दस्त्यासकट चार फुटांच्या आसपास जाते, आणि धाब्याच्या घराच्या ठेंगण्या चौकटीत ती अडकतेच. नळी कापून आखूड करायचा विचार मनात आला तर तिथेच थांबवा. परवान्याशिवाय नळी कापणं हा गुन्हा आहे, शिवाय पुढचा चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला अरुंद भाग, जातो आणि २० इंचांच्या खाली गेलात तर शस्त्राचा प्रकारच बदलतो. दस्त्याची लांबी मात्र बघून घ्या : कोपर काटकोनात वाकवून दस्त्याची पाठ कोपराच्या आतल्या वळणावर टेकवली की तर्जनीचं पहिलं पेर चापावर यायला हवं. दस्ता लांब असेल तर तो बगलेत अडकतो, आखूड असेल तर अंगठा नाकावर येतो.

जुनी घेताना पुढच्या चार गोष्टी विक्रेत्याच्या दुकानातच करा, लाजू नका. नळ्या काढून एका बोटावर आकड्याने लटकत धरा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा आवाज घुमला तर ठीक, फुटक्या मडक्यासारखा भद्द किंवा झणझण आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटली आहे. मग नळी उजेडाकडे धरून आत बघा आणि हळूहळू फिरवा. काळी कडी दिसली तर नळी तिथे फुगलेली आहे, बहुतेक वेळा मातीचा किंवा चिंधीचा बोळा राहून बार झालेला असतो. काडतूस बसतं त्या जागेच्या लगेच पुढे गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्या. तिसरं म्हणजे पुढचा लाकडी भाग काढून, नळ्या बसवून बंदूक उजेडात आडवी धरायची. नळ्यांची पाठ आणि मागची लोखंडी भिंत यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, किंवा हलवल्यावर खडखड आली, तर सांधा झिजला आहे. बंदूक उघडायची वरची किल्ली बंद झाल्यावर मधोमध किंवा किंचित उजवीकडे थांबली पाहिजे, डावीकडे गेली असेल तर खाच झिजलेली. चौथं, खोटी, म्हणजे दारू नसलेली काडतुसं घालून खटका, म्हणजे चाप रोखणारी कळ, लावा, दोन्ही चाप ओढा, मग काहीही न दाबता खटका काढा. आत ‘टक्’ झालं तर ही बंदूक घरात आणू नका, कारण तुम्ही खटका काढाल तेव्हाच ती वाजेल. त्यानंतर खटका काढलेला असताना दस्त्याला तळव्याने एक जोराची थाप द्या. घोडा पडता कामा नये. मनगटाजवळ, लोखंड जिथे लाकडात शिरतं तिथे, दस्त्याला केसासारखी चीर आहे का तेही नखाने चाचपून बघा.

जुन्या वाड्यांतून कधीकधी लाटालाटांची नक्षी दिसणाऱ्या नळ्यांच्या बंदुका निघतात. ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी, काळ्या दारूच्या काळातली. आजचं काडतूस तिच्यात भरू नये. भिंतीवर शोभते, तिथेच राहू द्या. आणि नळीवर काडतुसाच्या खोलीची लांबी ६५ मिमी कोरलेली असेल तर ७० मिमीचं काडतूस त्यात बसतं खरं, पण झाडल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. बसतं म्हणून चालतं असं नसतं.

काडतुसांबद्दल लोकांत गैरसमज फार. आपल्याकडे बहुतेक खडकीच्या कारखान्याचीच काडतुसं मिळतात. छर्ऱ्याच्या आकाराप्रमाणे त्यांची नावं, मोठ्याकडून बारीककडे : एलजी, एसजी, ट्रिपल ए, बीबी आणि पुढे नंबरवारी. एका औंसाला एलजीचे ६ छर्रे, एसजीचे ८, ट्रिपल एचे ३५, बीबीचे ७० आणि ४ नंबरचे साधारण १७०. लोक दुकानात जाऊन सरळ एलजी मागतात, कारण मोठा छर्रा म्हणजे मोठा दणका असं वाटतं. पण घराच्या आत अंतर असतं चार-पाच मीटर. एवढ्यात छर्रे पसरतच नाहीत, तळहाताएवढ्या जागेत एकत्र जातात. म्हणजे दोन गोष्टी झाल्या. एक, ‘बंदुकीला नेम लागत नाही, छर्रे पसरतात’ हे घरात साफ खोटं, नेम धरावाच लागतो. दोन, त्या अंतरावर बीबी किंवा ४ नंबरसुद्धा एका ढेकळासारखं लागतं. वर एसजीपेक्षा विटेच्या भिंतीत लवकर दम तोडतं. एसजी आणि एलजी पत्रा, प्लायवूड, कुडाची भिंत पार करून पलीकडच्या खोलीत जातात, जिथे तुमचीच माणसं झोपलेली असतात.

म्हणून घराच्या आतल्यासाठी बीबी. फक्त मळ्याचं अंगण आणि खळं राखायचं असेल, आसपास शंभर पावलांत दुसरं घर नसेल, तर ट्रिपल ए. तिथेही एसजीचा छर्रा सहाशे मीटरच्या पुढे जाऊ शकतो हे ध्यानात ठेवूनच तो घ्यायचा तर घ्या. काही जण उजव्या नळीत बारीक आणि डाव्या नळीत मोठे छर्रे भरतात. पुढचा चाप उजव्या, मोकळ्या नळीचा, मागचा चाप डाव्या, चोकवाल्या नळीचा, हे दिवसा सगळ्यांना पाठ असतं. अंधारात कुणालाच आठवत नाही. दोन्हींत एकच भरा.

हे सगळं झालं तरी बंदूक दारामागची वस्तू आहे, दाराच्या पुढची नाही. कपाटाचं कुलूप काढून, नळी जोडून, दोन काडतुसं भरायला सराव असलेल्याला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, सराव नसेल तर दोन-तीन मिनिटं. तेवढा वेळ दाराने द्यायला हवा. सागवानी चौकट, आतून लोखंडी आडणा, खिडक्यांना गज, अंगणात भुंकणारं कुत्रं आणि अंगणातल्या दिव्याचं बटण झोपायच्या खोलीत. लाइनवर भरवसा नको, सौर दिवा किंवा इन्व्हर्टर लावा. दुनळी दोन्ही हातांनी धरावी लागते, विजेरीला तिसरा हात नसतो. अंगण आधीच उजळलेलं हवं.

उजेडाचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. शेतीपंपाला वीज अनेकदा रात्री येते. रात्री एक-दीडला मोटार सुरू करायला शेजारचा सालदार तुमच्या बांधावरून, कधी अंगणातून, घोंगडी पांघरून आणि विजेरी विझवून जातो, कारण सेल वाचवायचे असतात. केळीच्या बागेतून दिसणारी सावली म्हणजे चोर, असं मानणाऱ्याच्या हातात बंदूक असूच नये. आधी दिवा लावा, मग आवाज द्या, नाव विचारा. आणि खोल्या शोधत फिरू नका. सगळ्यांना एका खोलीत घ्या, पलंगाच्या किंवा कोठीच्या आडोशाला बसा, नळी दाराकडे, बोट चापाच्या बाहेर, आणि घरातल्या कुणीतरी ११२ लावलेला असू द्या. बंद खोलीतला १२ बोरचा बार कान बधिर करतो आणि नळीच्या तोंडच्या जाळाने क्षणभर काही दिसत नाही. पहिल्या बारानंतर कुणी काय ओरडतंय ते तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून काय करायचं ते आधी ठरलेलं हवं.

कायदा कुठपर्यंत तुमच्या बाजूने आहे, हेही दिवसाउजेडीच नीट समजून घ्यावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खाजगी संरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. कलम ४१ प्रमाणे मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंतचा हक्क मोजक्याच प्रसंगी मिळतो : जबरी चोरी, सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा अशी चोरी वा घरात शिरणं ज्यात जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल. कलम ३७ सांगतं की पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. आता याची सांगड आपल्याकडच्या रोजच्या चोरीशी घाला. विहिरीवरची मोटार, तांब्याची केबल, ठिबकच्या नळ्या, केळीचे घड. शेतातून केबल कापून पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे मारले तर ते संरक्षण ठरत नाही, आरोपी तुम्ही असता. घरफोडीतला हक्कसुद्धा माणूस घरात आहे तोवरच, तो घराबाहेर पडून पळाला की संपला. हवेत बार काढून घाबरवणंही सोपं समजू नका. निष्काळजीपणे किंवा जल्लोषात बार करून कुणाचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं २०१९ च्या दुरुस्तीत आहे. हळदीच्या मांडवात दुनळी काढणाऱ्या पाहुण्यांना हे आवर्जून सांगा. बिबट्या आणि रानडुकराचं वेगळं आहे. घराच्या परवान्यावर रानडुक्कर मारता येत नाही, त्याला वनखात्याची परवानगी आधी लागते.

ठेवणीत चुका होतात त्या साध्याच. नळी एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत. कपाट भिंतीला बोल्टने जखडलेलं असावं, नाहीतर चोर कपाटासकट नेतो. बंदूक कातडी म्यानात महिनोन्महिने ठेवू नका, कातडं दमट हवा धरून ठेवतं आणि नळीवर म्यानाच्या आकाराचा गंज उमटतो. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नका. ते हळूहळू चिकट होतं आणि आतली कमान आळसावते, मग चाप ओढल्यावर पिन काडतुसावर हलकी पडते. बंदुकीचं तेल नसेल तर शिलाई मशिनचं पातळ तेल चालतं, तेही दोन थेंब. बार केल्यावर त्याच दिवशी पितळी ब्रश, मग कोरडी चिंधी, मग तेलाची चिंधी, आणि शेवटी नळीतून उजेड बघायचा. चिंधीचा एक तुकडा आत राहिला की पुढच्या बाराला नळी फुगते.

भुसावळ-जळगावचा मे महिना काडतुसांना सोसत नाही. पत्र्याच्या माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत डबा ठेवू नका, घरातली सगळ्यात गार खोली निवडा. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, दस्त्याचे स्क्रू ढिले होतात, ते जूनच्या आधी एकदा बघा. पावसाळ्यात जुनी कागदी काडतुसं फुगतात आणि नळीत अर्धी जाऊन अडकतात. हातोडीने ठोकू नका. दर वर्षी पावसाळ्यानंतर डब्यातलं प्रत्येक काडतूस नळीत घालून बघा, न जाणारी वेगळी काढा आणि विक्रेत्याकडे परत न्या.

सातपुड्याच्या पल्याडून येणारा गावठी कट्टा स्वस्त असतो, आणि नळीचं पोलाद कुठलं ते बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. काडतूस सैल बसतं, पाठीमागचा भाग उडून डोळ्यात जातो. विनापरवाना शस्त्र बाळगल्याची शिक्षा आता २ ते ५ वर्षं आहे, ती झाली की नंतर कायदेशीर परवान्याचा रस्ताही अवघड.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यातून बंदूक जमा करायची नोटीस येऊ शकते. जमा करताना पावतीवर शस्त्राचा क्रमांक, नळीची आणि दस्त्याची अवस्था आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, मोबाईलवर चारी बाजूंचे फोटो काढा. परत मिळेल तेव्हा सहीच्या आधी नळी मोडून उजेडाकडे धरून बघा. ठाण्याच्या खोलीतही पाऊस गळतो.